हंगेरियन सूर, मुक्काम वरसे

रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसे गावात, शेजारच्या सुधाकरकाकांना ‘कसे आहात?’ असं विचारू नये. ते तब्येत सांगत नाहीत. ‘मध्यम चढा हाय,’ म्हणतात.

हा मध्यम म्हणजे गिटारवरचा ‘म’. कंपनीतून रिटायर झाल्यावर लोक देवळाचे ट्रस्टी होतात. काकांनी गिटार घेतली आणि मोबाईलवर बघून ‘हंगेरियन मायनर’ नावाची स्वरावली शिकायला लागले. भजनात पेटी वाजवलेली, त्यामुळे सारेगम पक्कं. पण गिटारला पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नाहीत, ही त्यांची तक्रार. मग त्यांनी काकूंच्या टिकल्या गिटारच्या दांडीवर चिकटवल्या. कोमल सुराला मरून, तीव्राला लाल. हळदीकुंकवाच्या दिवशी काकूंना टिकली मिळेना.

‘गिटारची काढून देऊ काय गो?’ काकांनी विचारलं.

‘नको. तिला तरी सवाष्ण राहू दे,’ काकू म्हणाल्या.

तार तुटली की काका पेणला जात. येताना काकूंसाठी पोह्याचे पापड आणत. सूर मात्र असे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता काहीतरी भयंकर घडणार; आणि मग काहीच घडत नसे.

‘काका, भैरवी का नाही शिकत?’ मी एकदा विचारलं.

‘भैरवी हितं कोणीपण वाजवंल.’

दिवाळीत मंजू आली. काकांची एकुलती लेक, हंगेरीत बुडापेस्टला नोकरी करते. फोनवर काका तिला ‘जेवलीस काय?’ एवढंच विचारत आणि फोन काकूंकडे देत. ती आली त्या संध्याकाळी त्यांनी मलाही ओटीवर बोलावलं, नवा शर्ट घातला आणि सगळी स्वरावली न चुकता वर नेऊन खाली आणली.

‘वळखलंस?’

‘नाय बाबा. काय हाय हे?’

‘तुझ्या तिकडचं. तू तिथं एकटी. तुझ्या कानावर काय पडतं, ते मला हितं ऐकायचं व्हतं.’

‘तिथं असलं काय ऐकू येत नाय, बाबा. माझ्या खिडकीखालनं ट्राम जाते, तेवढीच.’

मला वाटलं, काका आता गिटार खाली ठेवणार. त्यांनी ती मांडीवर नीट घेतली.

‘कशी वाजते?’

मंजू माझ्याकडे बघून लाजली. मग वळणावर ट्राम करते तसा बारीक, लांबट आवाज तिनं काढला. काका तारेवर बोट सरकवत तो शोधू लागले.

‘नाय बाबा, जरा खाली,’ म्हणत ती त्यांच्याजवळ सरकली.