हळद, कुंकू आणि पागधरे साहेब

पागधरे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डाव्या पायात काळा बूट होता आणि उजव्या पायात तपकिरी. दोन्ही जाडजूड, पुढे लोखंडी टोपी असलेले, कारखान्यात कामगार घालतात तसले. माझा नोकरीचा पहिलाच दिवस. मला वाटलं, बिचाऱ्यांची सकाळी निघताना घाई झाली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "साहेब, तुमचे बूट..."

"परीक्षा चालू हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "डावा चावते. उजवा चावत नाय, पण कुरकुर करते. आता चावणारा बरा का कुरकुरणारा, तेवढंच ठरायचं हाय."

आमची कंपनी रंग बनवायची. तारापूरच्या एमआयडीसीत आमच्या कंपाउंडमधल्या चिमण्यासुद्धा आठवड्यागणिक पिवळ्या, गुलाबी, निळ्या व्हायच्या. मी पालघरहून येऊन एक्स्पोर्टचं टेबल सांभाळायचे आणि पागधरे साहेब खरेदी. ते नवापूरचे, समुद्राकाठचे. वडिलांची होडी होती. साहेब मात्र शिकून नोकरीला लागले. रोज स्कूटरवरून यायचे आणि स्कूटरच्या पायाशी नेहमी दोन पिशव्या असायच्या. दोन, कारण पागधरे साहेबांनी आयुष्यात एक वस्तू कधी आणलीच नाही. ऑफिसला पंखा हवा, तर दोन पंखे पसंतीला यायचे. चहाचे कप हवेत, तर दोन नमुने. दोन्ही ते वापरून बघायचे, मग दोन्ही घरी न्यायचे, मग परत आणायचे, आणि कुठे आठ-पंधरा दिवसांनी निकाल लागायचा. मधल्या काळात आम्ही घामाघूम.

कुणी कुरकुर केली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "रुसू दे."

"कोण रुसणार?"

"वस्तू. नवी वस्तू म्हणजे नवा जावई. पयले आठ दिवस कोणीपण गोड वागते. जरा रुसू दे, मग कळते कुठल्या घरचा हाय तो."

आमच्या शेठचं नाव धीरजभाई, आणि धीर म्हणाल तर नावालाच. त्यांना सगळं काल हवं असायचं. पागधरे साहेबांवर ते दिवसातून एकदा तरी भडकायचे. पण साहेबांनी घेतलेली वस्तू कधी बिघडायची नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून भडकायचे आणि गप्प बसायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एक दिवस शेठ मुंबईहून आले ते वेगळ्याच तंद्रीत. जर्मनीचे पाहुणे आमचा कारखाना बघायला यायचे होते. त्यांच्याकडून काम मिळालं तर कारखाना दुपटीने चालणार होता, आणि नाही मिळालं तर नव्या शेडचं बांधकाम तसंच अर्धवट राहणार होतं. आतापर्यंत आम्ही पाहुण्यांना पारदर्शक कागदांवरची चित्रं भिंतीवर दाखवायचो. गेल्या खेपेला त्यात आमची चिमणी, म्हणजे कारखान्याची, उलटी लागली होती आणि धूर जमिनीत जात होता.

"अबकी बार लेपटॉप," शेठ म्हणाले. "ऑफिस का काम भी उसमें, प्रेझेंटेशन भी उसमें. पागधरे, ले आव."

आणि पागधरे साहेब दोन घेऊन आले.

दोन वेगळ्या दुकानदारांचे, दोन वेगळ्या कंपन्यांचे, पण जुळे भाऊ शोभावेत असे. दोन्ही काळे, दोन्ही चौकोनी, दोन्ही विटेसारखे जड. कागदावर वाचलं तरी आतलं सगळं सारखंच. शेठ म्हणाले, "दोनो सेम छे! कोई भी एक रख लो."

"सेम कसे असतील, शेठ?" साहेब म्हणाले. "एका आईची दोन पोरं सेम नसतात. यांच्या तर आया वेगळ्या हायत."

शेठच्या खोलीत देवापुढे हळदकुंकवाची कुयरी असायची. साहेबांनी एका लॅपटॉपच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं, दुसऱ्याला कुंकवाचं. त्या दिवसापासून एक झाला हळद आणि दुसरा कुंकू. आमच्या अख्ख्या ऑफिसला तोच नाद लागला. हिशेबाच्या टेबलावरून कुणीतरी ओरडायचं, "आज हळद कुठाय?" आणि आतून उत्तर यायचं, "लॅबमध्ये. तापवायला ठेवलीय."

खरंच तापवायला ठेवलेली असायची. लॅबमध्ये उकाडा, म्हणून तिथे दोघांना अर्धा अर्धा दिवस. मग शेठच्या एसीत. मग साहेब दोघांवर एकच पत्र टाइप करायचे, दोन बोटांनी, आणि कान लावून बटणांचा आवाज ऐकायचे. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस लाइटला सुट्टी असायची. त्या दिवशी दोघांना नुसत्या बॅटरीवर चालू ठेवून साहेब समोर खुर्ची टाकून बसले. कोण आधी मान टाकतं ते बघत. कुंकवानं आधी टाकली. हळद थोडी जास्त टिकली.

"हळद चिवट हाय," साहेब म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात हळदीला माळ घातली. पण साहेबांनी दोघांनाही जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि घरी नेलं. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. लॅपटॉप रोज साहेबांबरोबर घरी जायचे, सकाळी परत यायचे, आणि निकाल नाही तो नाहीच.

शनिवारी साहेब आलेच नाहीत. पाहुणे मंगळवारी येणार. माझं प्रेझेंटेशन फ्लॉपीत तयार होतं, पण ते टाकायचं कशात? दोन्ही लॅपटॉप नवापूरला. साहेबांकडे फोन नव्हता. शेठ खोलीत येरझारा घालत होते.

"राऊतबेन, जीप ले जाव," ते मला म्हणाले. "जो हाथ में आए वो ले आव. और पागधरे को बोलो, लेपटॉप लेवाना है, लगन नहीं करना!"

नवापूरला पोचले तेव्हा दुपार उतरत होती. दारासमोर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. मी पायऱ्या चढणार इतक्यात आतून साहेबांचा आवाज आला. तावातावाने भांडत होते.

"अगो पण हळद जास्त टिकते! मी डोळ्यांनी बघितलं."

मग एक बाईचा आवाज. फार सावकाश, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा. "हळद... काळी... दिसते."

"काळी कशी दिसेल? दोघांची काच सारखी हाय."

"तुमाला... सारखी. मना... नाय."

मी दारातून हाक मारली. साहेब दचकून उठले. आत भिंतीकडेला खाट होती, खाटेवर एक बाई कुशीवर झोपलेल्या. चेहऱ्याची एक बाजू जरा ओघळलेली, पण डोळे लख्ख. खाटेजवळच्या स्टुलावर हळद आणि कुंकू शेजारी शेजारी, दोघांवर एकच पान उघडलेलं.

"या आमच्या बाई, माझी मंडळी," साहेब म्हणाले. "जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या. सगळा गाव बाई म्हणते, म्हणून मीपण बाईच म्हणते. मधी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आज सकाळपासून तिला जरा ताप होता म्हणून मी आलो नाय."

मी खाटेजवळ जाऊन बसले. बाईंनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि मान हलवून स्टुलाकडे बघ म्हणून खुणावलं. मी त्यांच्या उशीजवळ डोकं नेऊन पाहिलं, आणि मला एकदम समजलं. समोरून बघितलं तर दोन्ही पडदे सारखेच झळझळीत. पण बाजूने, त्या खाटेवरून, हळदीचा पडदा काळवंडलेला, त्यावर अक्षर म्हणून दिसत नव्हतं. कुंकवाचं मात्र सगळं स्पष्ट.

"साहेब, बाई बरोबर सांगतायत," मी म्हटलं. "तुम्हीच बघा इथून."

"बघितलं कालच," साहेब हळूच म्हणाले.

"मग भांडत कशाला होतात?"

त्यांनी मला बाहेर ओट्यावर नेलं. बोंबलांच्या मांडवाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर बोलले, बोलतं ठेवा. आता कसं बोलतं ठेवायचं? शेजारची येते, हळू बोला म्हणते. भाऊ येते, आराम करा म्हणते. सगळे हो ला हो करतात. मग ती पण नुसती मान हलवते. मी एकदा असाच दोन पंखे घेऊन आलो. बोललो, हा चांगला. तर ती बोलली, 'नाय.' झटक्यानंतर पयला शब्द तिचा तो. नाय." ते हसले. "त्या दिवसापासून मी कायम चुकीच्या वस्तूच्या बाजूनं बोलते. जेवढं जास्त भांडते, तेवढी ती जास्त बोलते. बुटाच्या वेळेला तर तिनं मना अख्खं वाक्य ऐकवलं."

"काय?"

"'तुमाला अक्कल नाय.'"

हे सांगताना साहेबांचा चेहरा असा फुलला होता की जणू कुणी त्यांना शाल-श्रीफळ दिलं होतं.

मी आत गेले, कुंकू उचललं आणि बाईंना विचारलं, "नेऊ ना हा?" बाईंनी साहेबांकडे विजयी नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "ने."

मंगळवारी पाहुणे आले. पाच जण, उंच, घामाने लाल झालेले. मुंबईहून भाड्याने आणलेला प्रोजेक्टर लावला, पांढरा पडदा सोडला. शेठनी नवा सूट घातला होता. पागधरे साहेब दाराशी हात बांधून उभे. मी बोलायला सुरुवात केली. पहिलं चित्र पडद्यावर आलं, दुसरं आलं. कारखान्याची चिमणी सरळ होती. तिसरं लावणार तेवढ्यात खोलीतला पंखा मंदावला, एसी गप्प झाला, आणि प्रोजेक्टरचा दिवा विझला.

लाइट गेली.

जनरेटर होता, पण तो आधी कारखान्याला. रंग शिजवणारा रिअ‍ॅक्टर थांबून चालत नाही, ऑफिस थांबलं तर चालतं. शेठ तोंड वासून बंद पंख्याकडे बघत राहिले. पाहुण्यांतला सगळ्यात वयस्कर गृहस्थ घड्याळाकडे बघायला लागला. मी उगाच प्रोजेक्टरचं बटण दाबून बघितलं.

पागधरे साहेब दारातून पुढे आले. त्यांनी लॅपटॉपच्या मागची प्रोजेक्टरची वायर काढली, तो उचलला आणि लांब टेबलाच्या मधोमध ठेवला. कुंकू बॅटरीवर शांतपणे चालूच होतं.

"कम, सर, कम," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी खुर्च्या पुढे ओढायला लागले. "क्लोज, क्लोज. फॅमिली!"

ते लोक हसले. खुर्च्या सरकवून सगळे त्या छोट्या पडद्याभोवती कोंडाळं करून बसले. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून, दोघे पाठीमागून वाकून. आणि प्रत्येकाला दिसत होतं! मघाशी ते लांब बसून माना डोलवत होते. आता बोट दाखवून विचारायला लागले, हा पाइप कुठे जातो, हा रंग किती टिकतो, पाणी कुठे सोडता. मला उत्तरं पाठ होती. शेठनाही जोर आला. ते मध्येच गुजरातीत सांगायचे, मी इंग्रजीत करायचे, आणि वयस्कर पाहुणा वहीत टिपून घ्यायचा. लाइट आली तेव्हा आम्ही शेवटच्या चित्रावर होतो, आणि प्रोजेक्टर परत लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

जेवणाआधीच त्या वयस्कर माणसाने शेठचा हात हातात घेतला आणि पहिलं काम तुम्हालाच, असं सांगितलं. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि शेठनी आवारात अक्षरशः उडी मारली. सुटासकट. सगळ्या खात्यांत पेढे वाटले. मग पागधरे साहेबांना मिठी मारून ओरडले, "ओ जादूगर! तुला मालूम कसा पडला, साइड से देखना पडेगा?"

"मना नाय मालूम पडला, शेठ," साहेब म्हणाले. "आमच्या घरी खरा परचेस मॅनेजर हाय. मी नुसता सामान वाहते."

शेठ खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला. साहेब हसले नाहीत, म्हणून मीच शेठना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शेठ तडक आत गेले. मग त्यांनी पेढ्यांचा एक न फोडलेला पुडा आणला, कुंकवाच्या वर ठेवला आणि साहेबांच्या हातात दोन्ही दिलं. "ले जा घर," म्हणाले. "आज ऑफिस का काम नहीं है."

संध्याकाळी मीही जीपमधून त्यांच्याबरोबर गेले. बाईंना उशीला टेकवून बसवलं. साहेबांनी लॅपटॉप स्टुलावर ठेवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खाटेसमोर ताठ उभे राहिले.

"गुड इव्हनिंग, बाई," त्यांनी सुरुवात केली. "हा आपला कारखाना. ही चिमणी. ह्या वेळेला सरळ हाय."

बाईंच्या ओठांची चांगली बाजू हलली. साहेब एकेक चित्र पुढे नेत गेले. अर्धं इंग्रजी माझं, अर्धं त्यांचं. तिसऱ्या चित्राशी आले आणि थांबले. भिंतीपाशी गेले आणि खटकन ट्यूबलाइट बंद केली. "इथं लाइट गेली!" अंधारात त्यांचा आवाज आला. "शेठचं तोंड असं झालं. आणि मग मी बोललो, कम, सर, क्लोज!" असं म्हणत ते स्वतःच खाटेवर बाईंना टेकून बसले. पडद्याचा उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर पडला होता. तसंच शेजारी बसून त्यांनी उरलेली चित्रं दाखवली आणि शेवटी माझ्यासारखंच, आवाज चढवून विचारलं, "एनी क्वेश्चन?"

बाईंनी डावा हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा, कोपरापासून सरळ.

"बोला, बाई."

बाईंनी शब्द गोळा केला. वेळ लागला. साहेब थांबले.

"पयल्यापासून," त्या म्हणाल्या.

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, मी निघायला उठून दारात चप्पल घातली होती. साहेबांनी घसा साफ केला आणि पहिलं चित्र परत लावलं. मी चप्पल काढून पुन्हा खाली बसले.