सव्वीस पावलांतलं गवत

व्यायामाच्या बाईंनी फाटकातून आत एक पाऊल टाकलं, ते घोट्यापर्यंत गवतात बुडालं आणि टक्केकाकांचा निकाल तिथल्या तिथे लागला.

"काका, हे असं चालणार नाही," बाई म्हणाल्या.

"चालेल की. जरा पाय उचलून चालायचं."

"तेच तर काकूंना अजून जमत नाही."

काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. तेव्हापासून त्या थोरल्या बहिणीकडे राहत होत्या, कारण तिचं घर तळमजल्यावर होतं आणि फरशी आरशासारखी सपाट होती. या बाई तिथे जाऊन त्यांना वॉकर धरून चालायला शिकवत. आता घरी पाठवायचं, तर आधी घर बघायला हवं म्हणून त्या आल्या होत्या. न्हाणीघरातली दांडी पास झाली, पलंगाची उंची पास झाली. फाटकापासून पोर्चपर्यंतच्या सव्वीस पावलांवर गाडं अडलं. गाडी थेट दारापर्यंत यावी म्हणून काकांनी कधीकाळी तिथे खडी टाकून घेतली होती. पुढे गाडी विकली गेली, खडी राहिली, आणि खडीतून गवत वर आलं.

"वॉकरचा पाय यात अडकला, की माणूस तोंडावर," बाई म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी मी परत येते. वाट नीट असली तर काकू त्याच दिवशी घरी. नसली तर अजून महिनाभर बहिणीकडे."

काकांनी मनातल्या मनात महिन्याचे दिवस मोजले. पाच आठवडे ते एकटे होते. सकाळी दोन कप चहा करत होते आणि दुसरा कप थंड झाल्यावर नाइलाजाने तोही पीत होते. दारातली काकूंची चप्पल त्यांनी केर काढतानासुद्धा हलवली नव्हती. बायकोची आठवण येते हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ती येत होती, आणि भरपूर येत होती.

फोनवर काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "दहा वर्षं सांगतेय, ते गवत काढा. तर तुम्ही म्हणायचात, राहू दे, उगवलंय बिचारं."

"आता काढतो ना."

"मुळासकट?"

"मुळासकट."

"आणि माझ्या भावाला यात घेऊ नका," काकू म्हणाल्या.

टक्केकाकांनी चौतीस वर्षं बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवायचे, किती उगवले ते मोजायचं आणि टक्केवारी लिहायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. पाऊस किती टक्के येणार, शेजारी किती टक्के खरं बोलतो, सगळ्याचा आकडा त्यांच्या जिभेवर तयार असे. गल्लीने त्यांचं खरं नाव केव्हाच विसरून टाकलं होतं.

मंगळवारी सकाळी काका कामाला लागले. गवत उपटलं की पातं हातात येई आणि मूळ खाली राही. दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की हे काम वरवर करून भागणार नाही. मग त्यांनी ते प्रयोगशाळेच्या शिस्तीने हाती घेतलं. सगळी खडी फावड्याने ओढून कडेला ढीग लावले. खालची माती बागकामाच्या काट्याने वीतभर खोल भुसभुशीत केली. मुळं अलगद सुटावीत म्हणून ती भिजवली, मुळं वेचली, मग माती चाळली, ढेकळं फोडली, फळीने सपाट केली. खडी बादलीत घालून धुतली आणि पातळ थरात परत पसरली. धूळ उडू नये म्हणून रोज संध्याकाळी झारीने हलकं पाणीही मारू लागले.

शनिवारी वाट अशी दिसत होती, की तिच्यावर चालायची काकांना स्वतःलाच भीड वाटू लागली. त्यांनी फोटो काढून काकूंना पाठवला.

"हे आपलंच घर आहे ना?" काकूंनी विचारलं. मग म्हणाल्या, "छान केलंत हो."

ते तीन शब्द काकांना तीन दिवस पुरले. मंगळवारी सकाळी ते झारी घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच उभे राहिले. वाटेवर फिकट हिरवी साय धरली होती. काकांनी आतून भिंग आणलं, गुडघे टेकले आणि पाहिलं. एक नाही, दोन नाही, हजारो अंकुर होते. सगळे एका उंचीचे, एका वयाचे, ताठ.

मग त्यांना समजलं. माती भुसभुशीत करा, ढेकळं फोडा, वर पातळ थर द्या आणि ओल टिकवा, हे त्यांनी चौतीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तंतोतंत तसंच केलं होतं, आणि जमिनीत वर्षानुवर्षं झोपलेलं गवताचं बी खडबडून जागं झालं होतं. डोक्याला हात लावायचा सोडून काकांनी सवयीने एक वीत चौरस आखून मोजणी केली. तोंडाने हाय हाय चाललं होतं, पण छाती थोडी फुगलीही होती. प्रयोगशाळेत अशी उगवण त्यांना कधी मिळाली नव्हती.

काकूंपासून काही लपवणं त्यांना जमत नसे. त्यांनी फोन केला. "अगं, गवत परत आलंय."

"किती?"

"सत्त्याण्णव टक्के."

"परीक्षेला बसलं होतं का ते?" काकू म्हणाल्या. पण मग त्यांचा आवाज उतरला. "म्हणजे मी ताईला सांगू का, महिनाभर राहतेय म्हणून?"

"काही सांगू नकोस. शुक्रवार लांब आहे."

फोन ठेवला, आणि ज्याला यात घ्यायचं नव्हतं त्या मेहुण्याला काकांनी दुसरा फोन लावला. माणूस अडचणीत आला की त्याला असं काहीतरी सुचतं.

मेहुण्याचं खिळे, नळ आणि रंगांचं दुकान होतं. स्वतः कधीही न केलेल्या प्रत्येक कामाचा खात्रीशीर उपाय त्याच्याकडे असे. बुधवारी सकाळी तो बाह्या सरसावूनच आला.

"भाऊजी, उकळतं पाणी. दुसरं काही नाही. ओतलं की गवत जागच्या जागी बसतं."

घरातली सगळी भांडी निघाली. मोठं पातेलं, दुधाचं पातेलं, कुकर, किटली. एक जण उकळायचा, दुसरा फडक्यात धरून पळायचा. पाणी स्वयंपाकघरातून यायचं, म्हणून सुरुवात पोर्चकडून झाली. उपाय खरंच लागू पडला. गवत मान टाकत होतं आणि मेहुण्याची मान ताठ होत होती. चाळीस पातेली ओतून झाली, बरोबर तेरावं पाऊल आलं आणि गॅस संपला.

काका सिलिंडर आणायला गेले. तिथे रांग होती. तीन तासांनी सिलिंडर उतरवून घेताना त्यांच्या कमरेत कळ आली, आणि ते काटकोनात वाकलेल्या अवस्थेतच घरी पोचले. त्या उंचीवरून त्यांना पहिल्यांदा दिसलं ते प्लास्टिक. फाटकाकडची तेरा पावलं मेहुण्याने नखशिखांत झाकून टाकली होती आणि कडांना विटा ठेवल्या होत्या.

"म्हटलं, गॅस कशाला जाळायचा," मेहुणा म्हणाला. "दुकानातलं जाड प्लास्टिक आहे. दोन दिवसांत गुदमरून मरेल."

"अरे, पण हे पारदर्शक आहे."

"बरंच आहे की. आत काय चाललंय ते दिसेल."

"ऊन आत जातं, ऊब आतच राहते. आम्ही रोपं अशीच वाढवायचो."

"ती रोपं होती, भाऊजी. हे गवत आहे."

यावर काकांकडे उत्तर होतं, पण कंबर नव्हती. मेहुणा दुकानात निघून गेला. काकांना वाकून वीट उचलता येईना. ते दोन दिवस खिडकीशी पडून राहिले. आभाळ ढगाळ होतं, हवा दमट होती, आणि प्लास्टिक आतून हळूहळू हिरवं होत गेलं.

गुरुवारी काकूंचा फोन आला. "झाली का वाट?"

"अर्धी झाली," काका म्हणाले. खोटं बोलवेना आणि खरं पुरं सांगवेना.

"अर्धी तर अर्धी. मी बॅग भरलीय."

शुक्रवारी मेहुण्याने प्लास्टिक ओढून काढलं. खाली चार बोटं उंचीचं, दाट, कोवळं, नुकतं न्हाऊन आल्यासारखं गवत उभं होतं. त्याने प्लास्टिक उलटंपालटं करून पाहिलं. "माल खराब निघाला," तो शेवटी म्हणाला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

आधी व्यायामाच्या बाई उतरल्या. मागच्या सीटवर काकू होत्या, मांडीवर बॅग घेऊन. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे पाहिलं. बाई वॉकर घेऊन स्वतःच वाटेवर चालू लागल्या. एक पाऊल, दुसरं, तिसरं. मध्येच थांबून त्यांनी वॉकर जोराने दाबला, हलवून पाहिला आणि पुढे गेल्या. तेराव्या पावलानंतर त्यांनी वॉकर पुढे टेकवला, तर त्याचे दोन पाय खडीसकट मातीत शिरले. बाईंनी तो उपसून काढला. चिखलाचा मोठा आवाज झाला.

"हे काय करून ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

"अर्धं गवत मारलं," काका पडेल आवाजात म्हणाले. "अर्धं राहिलं. राहिलं म्हणजे, वाढलं."

"जे वाढलं ते उत्तम आहे. मुळांनी माती आणि खडी घट्ट धरलीय, वॉकर जराही सरकत नाही. मला घोट्याएवढं गवत नको होतं, पण असं आखूड, दाट असेल तर कोण नको म्हणेल? मारलंय त्या बाजूला मी त्यांना पाय ठेवू देणार नाही."

काकांनी गवताकडे पाहिलं, मग चिखलाकडे. मेहुण्याने घसा खाकरला. "प्लास्टिकचा तो उद्देश होताच," तो म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण काकू गाडीतून उतरल्या होत्या.

वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग दुसरा. काकू आपल्या वाटेवर चालत होत्या. काका बरोबरीने उलटे चालत होते, हात पुढे धरून, आणि त्यांना स्पर्श न करता. पाचव्या पावलाला काकूंच्या कपाळावरची आठी गेली. दहाव्याला त्यांनी खाली बघणं सोडलं आणि घराकडे बघितलं. तेराव्याला त्या थांबल्या. काकांनी कंबर सांभाळत, कडेकडेने जाऊन पोर्चमधली खुर्ची आणून ठेवली आणि काकू वाटेच्या बरोबर मध्यावर बसल्या.

"पुढे गवत आलं की मला कळवा," बाई म्हणाल्या. "तोवर काकू बहिणीकडे."

"मी काही आता मागे जायची नाही," काकू म्हणाल्या. "अहो, तुमच्या हिशेबाने इथे कधी उगवेल?"

काकांनी चिखलात बोट खुपसून पाहिलं. "वरचं बी शिजलंय. खालचं जिवंत असणार. आठ दिवस."

"मग आठ दिवस मला इथून उचलून न्या. रोज एकदा आणा, या बाजूला चालेन. बाई, तुमची हरकत?"

बाईंनी दोन्ही वाहकांना खालून वर न्याहाळलं. त्यातला एक अजून थोडा वाकडाच उभा होता. "सांडू नका म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

मेहुण्याने एका बाजूने खुर्ची धरली, काकांनी दुसऱ्या. काकांची कंबर करकरली, पण त्यांनी तिला दाद दिली नाही. चिखल दोघांच्या नडग्यांपर्यंत येत होता.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, याला यात घेऊ नका म्हणून," काकू वरून म्हणाल्या.

"ताई, मी खाली आहे," मेहुणा म्हणाला.

"म्हणूनच पडायच्या आत बोलून घेतेय."

पोर्चमध्ये खुर्ची टेकली. काकू वॉकर धरून आपल्या आपण उठल्या आणि उंबऱ्याच्या आत गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, कुकर काळा कशाने झाला ते विचारणारा, आणि साडेसहा आठवड्यांनी घरात माणूस आल्यासारखं वाटलं. काकांचे डोळे भरून आले. मेहुणा चिखल पुसायला नळाकडे गेला, हे बरं झालं.

काकांनी पँटसुद्धा बदलली नाही. त्यांनी झारी भरली, चिखलातले दोघांच्या पावलांचे खड्डे फळीने सारखे केले आणि वर हलकं पाणी मारलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते खाली वाकले, कंबर परवानगी देईल तेवढे. चौतीस वर्षांत त्यांनी बियाण्याला फक्त मोजलं होतं, विनंती कधी केली नव्हती.

"ये बाबा लवकर," ते मातीला म्हणाले. "ती घरी आलीय."