आमटीला साबणाचा वास

भांडी घासणाऱ्या रत्नप्रभाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी देवगडला गेल्या आणि अनंत सामंतांनी घरात जाहीर केलं, "बदली बाई शोधायची नाही. भांडी मी घासणार."

त्यांच्या बायकोने, कुंदाने, मटार सोलता सोलता नुसतं वर पाहिलं. हा माणूस स्वतःचा चहाचा कप कधी सिंकपर्यंत नेत नसे. (तो वाटेतच कुठेतरी, बहुधा इस्त्रीच्या कपड्यांवर, विसावायचा.) पण अनंतराव नुकतेच रिटायर झाले होते, आणि रिटायर माणसाच्या उत्साहाला लगेच नाट लावू नये, एवढं तिला कळत होतं. शिवाय ते रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते.

"आयुष्यभर रंगाचे डबे पास-नापास केले," ते म्हणाले, "चार ताटं नाही जमणार?"

त्याच आठवड्यात मुलुंडच्या त्यांच्या टू बीएचकेत नवी सून आली. ऋता चेंबूरची, हळू बोलणारी, सगळ्यांचं ऐकून घेणारी मुलगी. पहिल्याच जेवणात तिने आमटीभाताचा घास घेतला, जरा थांबली, आणि मग दहीभातावर भागवलं. सकाळी पोहे तसेच राहिले. दुपारी मटारची उसळ तशीच राहिली. "डाएट असेल," कुंदा म्हणाली, पण म्हणताना तिचा आवाज काही बरा नव्हता.

शेवटी ओजसने बापाला बाल्कनीत गाठलं.

"बाबा, राग मानू नका. भांडी जरा नीट विसळता का?"

"म्हणजे?"

"ऋताला जेवणात साबण लागतो."

अनंतरावांचा चेहरा रंगाचा पहिलाच हात उन्हात उडालेल्या भिंतीसारखा झाला. "आणि तुला?"

"मला आधी नव्हता लागत," ओजस प्रामाणिकपणे म्हणाला. "पण तिने सांगितल्यापासून जरा जरा लागतोय."

प्रश्न आता इभ्रतीचा होता. अनंतरावांनी लिक्विड बंद करून वडी आणली. साबण लागलाच. वडी बंद करून लिंबाची सालं आणली. तरी लागला. मग इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख मागून आणली आणि आजीच्या काळासारखी भांडी घासली. (राख सिंकच्या जाळीत अडकली, ती काढायला प्लंबर बोलवावा लागला, तो विषय वेगळा.) ऋताने वाटीतली आमटी चाखली, सासऱ्यांच्या आशाळभूत तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज कमी आहे, बाबा." ती खोटं बोलतेय हे त्यांना लगेच कळलं. डब्यांचा रंग बिघडला की ज्युनिअर पोरं याच आवाजात बोलायची.

मग त्यांनी एकेक वाटी वाहत्या नळाखाली धरायला सुरुवात केली. आठवडाभरात सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर नाईक दारात हजर.

"सामंत, तुमच्याकडे लीकेज आहे का? वरची टाकी दुपारीच खाली होतेय."

"लीकेज नाही. बरे आलात. जरा बसा." अनंतरावांनी त्यांच्या हातात आमटीची वाटी दिली. त्रयस्थ माणसाचं मत हवंच होतं. "खरं सांगा. साबण लागतो?"

नाईकांनी भुरका मारला, डोळे मिटले, पुन्हा एक भुरका मारला. "साबण नाही. मीठ कमी आहे."

स्वयंपाकघरात झारा आपटल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून घराचे तीन तट पडले. अनंतरावांना त्या आमटीत स्वतःचं विसळणं दिसे. कुंदाला तीत सुनेची नापसंती दिसे. "माझ्या हातचं आवडत नसेल तर सरळ सांगावं की. साबणाचं नाव कशाला पुढे करायचं?" आणि ऋताला तीत फक्त साबण लागे. माणसं मनाने चांगली आहेत, ती ओजसला म्हणाली, पण रोज साबण खातात आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही.

हे अनंतरावांनी पॅसेजमधून ऐकलं. (ते ऐकायला उभे नव्हते. कपडे वाळत घालत होते. म्हणजे घालून झाले होते.) पुढचं वाक्यही त्यांनी ऐकलं. ओजस म्हणत होता, "बोरिवलीला मित्राचा फ्लॅट रिकामा आहे. काही दिवस तिकडे राहून बघायचं का?"

लोकांची मुलं नोकरीसाठी घर सोडतात, जागा पुरत नाही म्हणून सोडतात. आपला मुलगा बापाने वाटी विसळली नाही म्हणून सोडणार.

रविवारी ऋताची आई शर्मिष्ठाताई जेवायला येणार होत्या. अनंतरावांनी ठरवलं, भांड्यांचा प्रश्नच ठेवायचा नाही. भल्या सकाळी मार्केटमधून केळीची पानं आणली. स्वयंपाकाचं प्रत्येक पातेलं उकळत्या पाण्याने धुतलं. कुंदाने इरेला पेटून खास बेत केला होता: मसालेभात, टोमॅटोचं सार आणि विहीणबाईंच्या मानाची कोथिंबीर वडी.

पानं वाढली. ऋताने वडीचा तुकडा मोडला, चावला, आणि तिचे डोळे भरून आले. "पानावरसुद्धा," ती पुटपुटली.

कुंदाचा हात वाढता वाढता थांबला. अनंतरावांनी विहीणबाईंकडे पाहिलं. शर्मिष्ठाताईंनीही वडी तोंडात घातली होती आणि तो घास औषधाच्या गोळीसारखा पाण्याबरोबर ढकलला होता.

"तुम्हालाही लागला?" अनंतरावांनी धीर करून विचारलं.

"काय?"

"साबण."

"लागणारच ना," त्या सहज म्हणाल्या. "कोथिंबीर आहे ती."

"मला लहानपणापासून कोथिंबीर साबणासारखीच लागते. लोकांना का आवडते, देव जाणे. लग्नानंतर स्वयंपाक माझ्या हातात आला, तेव्हापासून घरात आणलीच नाही."

"आई, मग मला का नाही सांगितलंस?" ऋता म्हणाली.

"तुलाही तसंच होतं हे मला काय माहीत? हॉटेलात पावभाजी खाताना तू म्हणायचीस, प्लेटी नीट धूत नाहीत. मला वाटायचं, नसतील धूत."

ओजसने मोबाइल काढला आणि वाचून सांगितलं की, काही लोकांचं नाकच जन्मतः तसं असतं. कोथिंबिरीतला जो वास इतरांना ताजा, हिरवा वाटतो, तोच त्यांना साबणाचा वाटतो. दोघांचंही खरं.

कुंदाला हे पटायला वेळ लागला. तिच्या घराण्यात जावयाने दारू प्यायलेली लोकांनी पचवली होती, पण कोथिंबिरीला साबण? तिने एक वडी उचलून हुंगली. मग सुनेच्या रडवेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"अगं वेडे, एवढे दिवस उपाशी राहिलीस?" असं म्हणत ती आत गेली आणि सारासोबत वेगळा लावलेला साधा भात, वर तूप घालून घेऊन आली. ऋता तो इतकी भराभर जेवली की शर्मिष्ठाताईंना संकोच वाटला. बोरिवलीचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही.

पाहुण्या गेल्यावर अनंतराव बाह्या सरसावून सिंकपाशी उभे राहिले. आज त्यांच्या हाताला वेगळीच लय होती.

"बघितलंस? माझ्या भांड्यांत एक थेंब साबण नव्हता. क्वालिटी कंट्रोल म्हणतात याला."

"नव्हताच," कुंदा ओटा पुसत म्हणाली. "तुम्ही खाली फिरायला गेलात की मी रोज सगळी पुन्हा धुवून काढत होते. सुरुवातीला तर वाट्यांना बोट लावलं तरी फेस यायचा."

अनंतरावांच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये निसटलं. "मग इतके दिवस बोलली का नाहीस? सगळे माझ्यावर घसरत होते."

"वेडी आहे का मी?" कुंदा म्हणाली. "बोलले असते, तर तो साबण माझ्या नावावर आला असता."