देवराम मामांचा मागचा पंख

आधी माफी मागतो. कोणा माणसाबद्दल लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात सही करण्यापलीकडे आजवर कोणी काही लिहिलेलं नाही आणि कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे पाड्यावर कोणाला काही कळेनासं झालं की तो माझ्याकडे येतो, आणि मलाही ते कळत नाही हे सांगायचा मला धीर होत नाही. देवराम मामांबद्दल खरं तर जाणत्या माणसाने लिहायला हवं होतं. पण जाणती माणसं आमच्याकडे फारशी येत नाहीत, आणि येतात ती संध्याकाळच्या एसटीने परत जातात.

तर, मामांनी केलेल्या प्रत्येक वस्तूला डोळे असतात.

मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यावर मामांचं घर आमच्या घराला लागून. ते बोहाड्याचे मुखवटे करतात. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा उत्सव, देवादिकांची सोंगं. ती नाचवायला मुखवटे लागतात. मुखवट्याला डोळे हवेतच. पण मामा पाटाला डोळे काढतात. दाराला काढतात, गुरांच्या गव्हाणीला काढतात. आमच्या घरची उखळी दोन डोळ्यांनी छताकडे बघत असते. शाळेतल्या गुरुजींनी एकदा हौसेने स्टूल करून घेतलं. बैठकीवरच दोन टपोरे डोळे. गुरुजी त्यावर कधी बसले नाहीत. त्यांनी त्यावर माठ ठेवला, तर मामांनी जाऊन माठ उचलला आणि म्हणाले, "गुरुजी, डोळ्यावर वजन नका ठेवू."

"अहो मग याचं करू काय?"

"राहू द्या. तुमच्याकडं बघंल."

कोणी फार विचारलं तर त्यांचं एकच उत्तर, "बिनडोळ्याचं माझ्या हातून बाहेर जात नाय."

मुखवट्याचे काही नियम आहेत. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. एकदा डोळे काढले की ते लाकूड राहत नाही. मग तो मुखवटा भिंतीला टेकवून ठेवायचा, उचलताना त्याला सांगून उचलायचा, आणि काही झालं तरी पालथा घालायचा नाही. मामांनी हे सगळे नियम गव्हाणीलाही लावले होते. त्यांच्या घरात पाट कधी पालथे ठेवलेले नसायचे. ते उताणे असायचे, वर बघत.

त्यांची दुसरी तऱ्हा पाण्याची. आमच्या पाड्याखाली एक धरण आहे. मातीची भिंत आणि तिच्यामागे पाणी, एवढंच. पलीकडच्या काठाला जायचं तर मासे धरणारे आपल्या तराफ्यावरून सोडतात. मामा कधीच तराफ्यावर बसले नाहीत. उन्हातान्हात भिंतीवरून चालत वळसा घालून जायचे. तराफेवाला हाक मारायचा, "ये देवराम, बस की. पाणी काय खातंय का तुला?"

"वल्हं मारलं की पाणी ढवळतं," मामा म्हणायचे आणि चालू लागायचे.

आम्ही हसायचो. पाणी ढवळलं तर काय बिघडतं, हे कोणी विचारलं नाही.

मामा काही वर्षं ठाण्याच्या खाडीकाठी एका फायबरच्या कारखान्यात कामाला होते. तिथे होड्या, टाक्या, बाकडी बनायची. तिथून ते कायमचे परत आले तेव्हा मी अकरावी सायन्सला होतो. एसटीच्या टपावर त्यांनी एक वस्तू आणली होती. एक फळी, तिच्यावर बसायला खुर्चीसारखी बैठक आणि पाय अडकवायला पट्टे. फळीखाली माणसाच्या छातीइतक्या उंचीचा अल्युमिनियमचा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला आडवा पंख.

कंडक्टरने विचारलं होतं, "हे काय?"

"विमान हाय. अजून लहान हाय."

"मग हाफ तिकीट," कंडक्टर म्हणाला आणि त्याने बेल मारली.

ती फळी कोणा साहेबाची होती. परदेशातून आणलेली. मोटारबोटीमागे दोराने ओढली की पाण्याखालचा पंख तिला उचलतो आणि फळी पाणी सोडून वर चालते. पाण्यात राहतो फक्त दांडा आणि पंख. साहेबाने ती दुरुस्तीला टाकली आणि न्यायला आलाच नाही. जागा अडते म्हणून मालकाने मामांना म्हटलं, घेऊन जा.

दुरुस्ती काय होती, तर पंख दोन लागतात. पुढे मोठा, मागे लहान. मागचा तुटून गेला होता. त्याचा नुसता बुडखा स्क्रूने धरून राहिला होता.

"बघ," मामांनी मला समजावलं, "पुढचा पंख उचलतो. मागचा आवरतो. मागचा नसंल तर हे घोडं उधळतं. मागचा खाली दाबतो, म्हणून माणूस वर टिकतो. कळलं का?"

मी मान हलवली.

"नाय कळलं तुला," मामा म्हणाले. "मला पण कारखान्यात दोन पावसाळे गेले."

त्या दिवसापासून मामांनी सगळ्या मुलखाची वाटणी दोन पंखांत केली. नवीन निवडून आलेला पंचायत सदस्य म्हणजे नुसता पुढचा पंख. तलाठी नुसता मागचा. माझ्याकडे बघून म्हणायचे, "याला दोन्ही हायेत, पण अजून पाण्यात घातले नाय." मी एकदा विचारलं, "आणि मामी?"

"ती? ती अख्खी मागचा पंख."

मामी नाचणीचं पीठ चाळत होत्या. चाळणी न थांबवता म्हणाल्या, "मी नसते तर हे कवाच उडून गेले असते. कुठल्या तरी सागाच्या फांदीला अडकले असते. मग पोरांनी दगड मारून खाली पाडले असते."

मामांना एकच करायचं होतं. त्या फळीवर बसून धरणाचं पाणी एकदा पार करायचं, या काठावरून त्या काठाला, पाण्यावर रेघही न ओढता. त्यासाठी मागचा पंख हवा होता. तो कुठे विकत मिळणार? मामांनी तो सागाचा कोरायला घेतला, वरून फायबरचा लेप देऊन.

मोटारबोट नव्हती. खोडाळ्याच्या रस्त्यावर जीप चालवणारा शिवा होता. त्याने भिंतीवरून जीप हाणायची, दोराचं एक टोक जीपला, दुसरं मामांच्या हातात. पहिल्या दिवशी शिवा बाजारची भरलेली जीप तशीच घेऊन आला. बाया म्हणाल्या, आम्ही उतरणार नाही, इथूनच बघू. एकीच्या मांडीवर कोंबडी होती, तीही बघत होती.

पहिला पंख लहान आणि निमुळता होता. मामांनी त्याचं नाव ठेवलं नारद. त्याला डोळे काढले, पंखाच्या फुगीर बाजूला, कारण मुखवट्याचं तोंड फुगीर असतं. आणि तोंड वर करून तो बसवला. शिवाने जीप दामटली. फळी हातभर वर आली, आणि तिने मान खाली घातली. मामा तोंडावर पडले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशीत शेवाळ होतं.

"नारद हाय," ते म्हणाले. "एका जागी टिकायचा नाय. मोठा पाहिजे."

मोठा केला. त्याचं नाव हिडिंबा. हिला तर भुवयाही काढल्या. हिच्यावर फळी वरच आली नाही, सरळ पाण्यात घुसली, जणू खाली काही विसरलं होतं ते आणायला. मग मधला केला. मग टोकं वळवलेला. मग टोकं कापलेला. एकेका पंखाला नाव, एकेकाला डोळे, आणि प्रत्येक जण मामांना तोंडावर पाडायचा. पडवीत भिंतीला टेकवलेल्या पंखांची रांग झाली. ते सगळे येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचे. रेशनकार्डाच्या कामाला आलेला बाबू बाहेर अंगणातच उभा राहून बोलला.

मामा मला विचारायचे, "तू सायन्सचा. सांग, कोणता घेऊ? लांब का रुंद?" मी जव्हारच्या कॉलेजात सरांना विचारलं. सर म्हणाले, हा भाग पुढच्या वर्षाला आहे. मी मामांना तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग पुढल्या वर्षी पडू का?"

मला वाईट वाटलं. म्हणून मी एक दिवस त्या तुटक्या बुडख्यापाशी बसलो आणि नीट बघितलं. बुडख्याची फुगीर बाजू खाली होती. पुढच्या पंखाची वर, मागच्याची खाली. मागच्याने खाली दाबायचं असेल तर तो उलटाच हवा. मामांचे सगळे पंख सुलटे बसत होते, म्हणून शेपटी वर जायची आणि नाक पाण्यात. माझ्या आयुष्यात मला आपणहून कळलेली ही पहिली गोष्ट. मी धावत जाऊन सांगितलं.

मामा रंधा मारत होते. "ते मला पहिल्या दिवशीच दिसलं."

"मग?"

"मग काय? पालथा घालू? तोंड खाली करून? पाण्यात?"

मी म्हणालो, "मामा, हा मुखवटा नाही."

"डोळे हायेत."

"मग एकाला नका काढू."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते वाक्य त्यांच्यासमोर परत कधी बोललो नाही.

म्हणजे दोन वर्षं हा माणूस लांब का रुंद, जाड का पातळ, असं विचारत फिरत होता ते एवढ्यासाठी की उलटा का सुलटा हे कोणी विचारू नये.

शेवटी मामींचं डोकं फिरलं. बोहाडा जवळ आला होता, पडवीत मुखवटे वाळवायला जागा नव्हती आणि भंगारवाला दारावरून दोनदा जाऊन आला होता. मामींनी सांगून टाकलं, "बोहाड्यापर्यंत. तवर उडा नाय तर बुडा. नंतर दांडा भंगारात, फळीवर मी मासे वाळवीन." मामी बोललेलं करतात. त्या दिवशी मामांनी रंधा हातात घेतला नाही.

मला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण माझ्या आजारपणामुळे जाणं लांबलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पाया पडायला गेलो. मामा घरात नव्हते. मामी पंखांच्या रांगेतून वाट काढत चहा घेऊन आल्या. मी सहज म्हणालो, "मामी, एकाला डोळे नाही काढले तर काय होईल?"

मामी खाली बसल्या.

"पाण्याखाली त्यांचं घर हाय," त्या म्हणाल्या. "भिंतीच्या अगदी मागं. धरण झालं तवा पाडा उठवला. हे लहान होते. सगळं सामान वर आणलं, आणि निघताना यांच्या बापानं चुना घेतला आणि घराच्या भिंतीवर दोन डोळे काढले. लोक म्हणाले, येडा झाला का? तर म्हणाला, घर एकटं ऱ्हायला नको. कोणी तरी बघणारं पाहिजे." त्यांनी माझ्या हातातली रिकामी कपबशी घेतली. "तवापास्नं हे. उखळीला पण डोळे, गव्हाणीला पण डोळे. आणि मला म्हणतात, मी मागचा पंख."

मी नाशिकला गेलो. तिथे गर्दीत, खोलीत, मेसच्या रांगेत मला अधूनमधून वाटायचं की त्या फळीवर एव्हाना मासे वाळत असतील. आमच्या पाड्यावर फोन नव्हता. बोहाडा होऊन गेला. बातमी काही आली नाही.

ती आली पार उन्हाळ्याच्या तोंडाशी. शिवा जीपचं काही सामान घ्यायला नाशिकला आला होता, स्टँडवर मला दिसला. मी त्याला चहाला नेलं आणि बसायच्या आधीच विचारलं.

"उडले," शिवा म्हणाला. "बोहाड्याच्या दोन दिस आधी."

"कोणता पंख?"

"हिडिंबा. उलटी."

"बिनडोळ्याची केली?"

"छ्या. डोळे हायेत. भुवया पण." शिवाने बशीत चहा ओतला. "देवरामदादा तयारच नव्हते. तोंड पालथं घालायचं नाय, घालायचं नाय. मामी आल्या काठावर. म्हणाल्या, जमिनीवर पालथं घातलं तर तोंड दाबतं. इथं खाली जागा हाय. हे पालथं घालणं नाय, वाकून बघणं हाय. आणि बघायला खाली कोण हाय ते मी तुम्हाला सांगू का? मग दादांनी स्वतःच स्क्रू फिरवला."

"मग?"

"मग काय, मी दुसऱ्यात टाकली, तिसऱ्यात टाकली. आणि फळी उठली. बाप रे, अशी उठली, जसं कोणी खालून हात दिलाय. पाण्यावर रेघ नाय. मी आरशात बघत होतो, एकदा तर जीप भिंतीवरून खाली घालणार होतो. पार त्या काठाला गेले. मामी इकडून वरडत होत्या, दांडा वाचला बघा तुमचा, आता उतरा."

"पडले नाहीत?"

"नाय. उतरले, आणि पाण्याकडे तोंड करून बसले. मी जीप लावून गेलो. विचारलं, दादा, घर दिसलं का खालचं?"

शिवाने बशी खाली ठेवली.

"तर म्हणाले, मला कसं दिसंल? मी वर होतो. हिडिंबेनं बघितलं असंल."