उतराचं कुठी?

आमच्या मोहाडीवरून विमान गेलं की सगळे वर बघतात. केवळराम भाऊ खाली बघतात. डावीकडची धानाची बांधी, उजवीकडचा रस्ता, तलावाची पाळ, सगळं नजरेखालून घालतात आणि मान हलवून म्हणतात, "इथं तं नाही जमत बा." विमान तोवर छत्तीसगडात पोचलेलं असतं.

केवळराम भाऊ माझे शेजारी. धानाची शेती, खांद्यावर दुपट्टा आणि तोंडी एकच वाक्य: "चढन सोपं हाये. उतराचं कुठी, हे सांगा." एसटीत पाय ठेवण्याआधी ते कंडक्टरला हे विचारतात. एका वरातीत नवरदेव घोड्यावर बसत होता, तेव्हा त्यांनी घोडेवाल्याला बाजूला घेऊन हेच विचारलं. मी घरावर दुसरा मजला काढला, तर भिंती उभ्या राहायच्या आधी गवंड्याला जिन्याचा हिशेब द्यावा लागला. मला नाही, भाऊंना.

हा रोग त्यांना कधी जडला, याबद्दल माझा एक अंदाज होता. एकदा भंडाऱ्याच्या स्टँडवर ते घाईघाईत भलत्याच गाडीत चढले. मोहाडी राहिली एकीकडे आणि गाडीने त्यांना थेट साकोलीत नेऊन सोडलं. हा किस्सा मी चारचौघांत रंगवून सांगायचो. भाऊही हसायचे.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, मयुरीने, बारावीत असताना जाहीर केलं की ती फौजेत पायलट होणार. मयुरीची आई ती लहान असतानाच वारली. भाऊंनीच तिला वाढवलं. पोरगी हुशार, धीट, पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय काही करायची नाही. माझं तहसील कचेरीसमोर ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, त्यामुळे बाप-लेक माझ्याकडे आले. मी समजावून सांगितलं की विमानं वायुदलाकडे असतात, नौदलाकडेही असतात, आणि हेलिकॉप्टरं लष्करही उडवतं. परीक्षा एकच. पहिली पसंती कोणाला, ते तेवढं ठरवायचं.

"मले वायुदलच पाहिजे, काका," मयुरी म्हणाली.

"थांब माय," भाऊ म्हणाले. "तिघंबी चढवतात. उतरवतात कुठी?"

मी आपलं सरळ उत्तर दिलं. वायुदलाचं विमान धावपट्टीवर उतरतं, नौदलाचं समुद्रातल्या जहाजावर आणि हेलिकॉप्टर कुठेही मोकळ्या जागेत.

"जहाज उभं रायते का चालते?"

"चालतं."

भाऊंचा चेहरा उतरला. खात्री करून घ्यायला ते तलावावर भिवाकडे गेले. भिवा मासे धरतो, त्याच्याकडे डोंगा आहे. भाऊंनी त्याला पाळीच्या कडेकडेने डोंगा न्यायला लावला, स्वतः पाळीवरून धावत आले आणि चालत्या डोंग्यात उडी घेतली. डोंगा पुढे निघून गेला आणि भाऊ शिंगाड्याच्या वेलांत उतरले. तसेच निथळत ते माझ्या दुकानात आले. मागोमाग भिवा त्यांची चप्पल घेऊन आला.

"नेव्ही काटा," भाऊ म्हणाले.

मग लष्कर. भंडाऱ्याला एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर मैदानात उतरलेलं त्यांनी पाहिलं होतं. "चुन्याचा गोल काढला का उतरलं! मिलिट्री लिवा." आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी जे केलं, ते आमच्याकडे कोणी शुद्धीवर असताना करत नाही. इकडे दोन बांध्यांमधला मातीचा धुरा वीतभर सरकला तरी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. या माणसाने आपल्याच दोन बांध्यांमधला धुरा आपल्याच हाताने फोडला आणि ट्रॅक्टर लावून सगळी जमीन सपाट केली. केवळराम प्लॉट पाडून राहिला, अशी बातमी आठवडी बाजारात फिरली.

मयुरी रडकुंडीला येऊन दुकानात आली. "काका, बाबा हेलिपॅड बनवून राहिले जी."

तेवढ्यात एका निवृत्त सुभेदारांनी भाऊंना सांगितलं की लष्करात गेल्यावर हेलिकॉप्टरच मिळेल असं नाही, तोफही मिळेल. झालं! भाऊ सकाळी मिलिट्री म्हणत, दुपारी एअर फोर्स आणि संध्याकाळी "पोरीले मास्तरीण केलं तं कसं होईन?" त्यांच्या नादाने माझंही डोकं फिरलं. उत्पन्नाचा दाखला मागायला आलेल्या एका बाईंना मी विचारलं, "पहिली पसंती कोणाला?"

अर्जाची शेवटची तारीख उजाडली. बाप-लेक माझ्यासमोर बसले होते.

"बाबा," मयुरी म्हणाली, "कोनतीबी फौज घेतली तरी मी आपल्या बांधीत नाही उतरू शकत. मले जाऊच द्याचं नसन तं तसं सांगा. मी नाही भरत अर्ज."

भाऊ दुपट्ट्याच्या दशा ओढत राहिले. मग म्हणाले, "जाऊ नको, असं नाही म्हनून राहिलो, माय. तुही माय आपल्या पायानं ॲम्ब्युलन्समधी चढली होती. नागपूरले नेतो म्हने. तुले खिडकीतून हात दाखवला तिनं. मी तुले कडेवर घेऊन उभा होतो. गाडीवाल्याले काहीच नाही इचारलं मी. चढवून देल्लं फक्त."

साकोलीच्या गाडीचा किस्सा मी त्यानंतर कोणाला सांगितलेला नाही.

मयुरीने त्यांचा हात धरला. "मी उतरीन, बाबा. जिथं उतरीन तिथून पयला फोन तुमाले करीन."

"पयला?"

"पयला."

भाऊ माझ्याकडे वळले. "टाका मंग एअर फोर्स. आनि ते बटन सावकाश दाबजा."

पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर मी त्यांच्या शेताकडे गेलो. चहूकडे धान हिरवागार आणि मधोमध ती धुरा फोडलेली मोठी बांधी काळी-जांभळी. मला वाटलं, रोग पडला.

"रोग नाही जी," भाऊ म्हणाले. "पातच तशी हाये. साकोलीकडच्या सोयऱ्यानं बी देल्लं. तन चटकन ओळखू यावं म्हून लावतात तिकडं."

"मग तुम्हाला एवढ्या तणाची काय भीती पडली?"

"तनाचं नाही. पोरगी वरतून जाईन तं तिले समजाले पाहिजे न, आपलं कोनतं. सारं हिरवंच हिरवं. घाबरली एखाद वेळी तं?"

पण माझी जित्याची खोड. म्हटलं, "भाऊ, परीक्षा व्हायची आहे अजून. आणि धान काय बारा महिने उभा राहतो?"

भाऊ खरोखरच गोंधळले. बांधीकडे बघत म्हणाले, "हे तं ध्यानातच नाही आलं. उन्हाळ्यात काय लावू जी?"

तेवढ्यात वरून विमान गेलं. भाऊंच्या सवयीने मी खाली बघितलं. भाऊ वर बघत होते, आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हात उंच केला होता.

"दिसली असन का जी, बांधी?"

"दिसली असेल," मी म्हणालो.