सतरा नंबरचा गोटा

टर्पेंटाइनचा वास.

बाबूच्या म्हशीला झालेली पारडी.

देवीच्या मूर्तीवर चिकटवलेल्या ओल्या पाकळ्या.

कोल्हापूरचे एक सर, खिशात ओव्याची पुडी.

चिपळूणची एसटी.

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं कोणी विचारलं असतं तर हरिश्चंद्राकडे उत्तर होतं. फक्त ते प्रबंधात घालता येत नव्हतं.

हरिश्चंद्र रत्नागिरीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचा. नोकरी तात्पुरती. यंदा एम.फिल. झालं तर कायम, नाही झालं तर जूनपासून सासऱ्यांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या. तरी गडी निर्धास्त होता. "प्राकृतिक भूगोलात सगळं पद्धतीवर आहे," तो बायकोला, दमयंतीला, ऐकवायचा. "पद्धत बरोबर असली की निष्कर्ष आपल्या पायांनी चालत येतो."

पद्धत अशी. उन्हाळ्यात कोरड्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, रंगवलेले, नंबर घातलेले गोटे एका रेषेत मांडायचे. पावसाळ्यात पाणी ते ढकलणार. दिवाळीच्या सुमारास जायचं आणि कुठला गोटा कुठवर गेला ते टेपने मोजायचं. पुस्तकात म्हटलं होतं, रंग लांबून उठून दिसावा. हरिश्चंद्राने ऑइलपेंट आणला.

"शेंदरी?" दमयंती म्हणाली.

"उठून दिसतो."

दमयंतीने डबा कोपऱ्यात सरकवला. लग्न जुनं झालं होतं.

दिवाळीत तो टेप घेऊन गोटे मांडले होते त्या हातखंब्याजवळच्या वाडीत गेला, तर पऱ्यात एकही गोटा नाही. खालपर्यंत चालला, झुडपं उपसली, पँट फाडून घेतली. शेवटी हताश होऊन मान वर केली. वर वाडीतल्या बाबूचं अंगण होतं. अंगणात तुळस, तुळशीशेजारी शेंदरी गोटा, डोक्यावर जास्वंद, कपाळावर पांढरा सतरा.

"बाबू, हा माझा गोटा आहे."

"तुमचा कसा? पऱ्यातनं माझ्या बांधावर आला. त्याच दिवशी म्हस व्याली. पारडी झाली."

"पाण्याने आणला हो. तेच तर मला मोजायचंय."

"पान्यानं आनला, पन माझ्याच बांधावर का आनला? ते मोजा."

हरिश्चंद्राने हातातला टेप खिशात घातला. प्रबंधाचा प्रश्न नेमका तोच होता.

"अहो, मीच रंगवलाय तो. या हातांनी."

"गनपती पन कोनीतरी रंगवतोच ना," बाबू शांतपणे म्हणाला. "म्हनून रंगवनारा पूजेतनं उचलून न्हेतो काय?"

एवढ्यात शेजारची सखू आपला गोटा पदरात घेऊन आली. "मास्तर, ह्यो नऊ नंबर. काय कामाचा नाय. पोराची बदली रत्नांग्रीला मागितली, झाली जळगावला. बदलून द्या."

हरिश्चंद्राने आशेने हात पुढे केला. सखूने गोटा मागे ओढला. "बदलून म्हटला मी. तसा नाय देनार."

"मी देव वाटत नाही हो."

"मंग रंगवलात कशाला?"

शेवटी सगळे देवळात गेले. भागोजी गुरवाने सांगितलं, पूजेत बसलेला दगड देवीच्या कौलाशिवाय हलत नाही. मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"बाय माझे," भागोजीने गाऱ्हाणं घातलं, "ह्यो लेकरू कालेजातला. ह्याची नोकरी गोट्यांवर हाय. न्हेऊ दे काय?"

हरिश्चंद्र हात जोडून उजव्या पाकळीकडे बघत राहिला. उभ्या जन्मात कुठल्या नकाशाकडे त्याने इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं.

डावी पडली.

"पुन्हा लावा ना."

"एका प्रश्नाला एकच कौल," भागोजी म्हणाला. "पद्धत म्हंजे पद्धत."

आपलंच वाक्य अंगावर आल्यासारखा हरिश्चंद्र खांबाला टेकला. मग रडवेल्या आवाजात म्हणाला, "निदान आहेत तिथे मोजू दे का, ते विचारा."

उजवी पडली.

निरीक्षणे:

गोटा नऊ, सखूच्या देव्हाऱ्यात, पाठ भिंतीकडे.

गोटा बावीस, डोंगरावर, गुराख्यांच्या गवळदेवापाशी.

गोटा पाच, दोन भावांच्या सामायिक पडवीत, मधोमध.

गोटा बत्तीस, पुढे पाहा.

मार्गदर्शक सर कोल्हापूरहून आले, ओवा चघळत आलेख बघू लागले.

"गोटे उताराला जायला हवेत."

"हो सर."

"हे डोंगर चढलेत."

"हो सर."

"आणि बत्तीस नंबर चिपळूणला?"

"काशी म्हणून एक आहे, गणपतीला माहेरी आली होती. सासरी घेऊन गेली."

"वाहतुकीचं साधन?"

"एसटी, सर."

सरांनी आलेखाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "तो सतरा नंबर कुठं आहे म्हणालात?"

हरिश्चंद्राला वाटलं, जागेवर पाहणी होणार, काहीतरी वाट निघणार. तो त्यांना धावतच घेऊन गेला. सरांनी बाबूच्या अंगणाबाहेर चपला काढल्या, गोट्यासमोर डोळे मिटून उभे राहिले. परतताना म्हणाले, "मुलीचं जमत नाहीये, हो."

"आणि माझं एम.फिल., सर?"

"पुढच्या वर्षी बघू. नवे गोटे घ्या."

पुढच्या वर्षी कॉलेजात भूगोलाला दुसरा मास्तर होता. सरांच्या मुलीचं लग्न मात्र मार्गशीर्षात झालं. बाबूला पेढे आले. हरिश्चंद्र जूनपासून दुकानात बसू लागला. गिऱ्हाइकं सांगत, पुडी फार नेटकी बांधतो.

शेंदरी घेतला त्या दिवशी रंगाच्या दुकानात निळा डबाही होता.