करमेनाबाईंची फरशी

गांजा सुकवण्यात अवघड असं काहीच नाही, असं मी चेन्साला, म्हणजे माझ्या बायकोला, छातीठोकपणे सांगितलं होतं. गच्चीवरच्या दोन झाडांची फुलं मी स्वतः कापली, कात्रीने बारीक पानं छाटली आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत दोऱ्यांवर उलटी टांगली. बोटांना असा चीक बसला की दोन दिवस हातात धरलेली वस्तू सुटेना.

आमच्या गोझो बेटावर घरी चार झाडं लावायला कायद्याची हरकत नाही. फक्त ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत आणि त्यांच्या वासाने शेजाऱ्यांना त्रास होता कामा नये. ऑक्टोबरात दक्षिणेचा दमट वारा सुटला. खिडकी लावावी तर फुलांना बुरशी, उघडावी तर वास थेट शेजारच्या करमेनाबाईंच्या घरात, कारण दोन्ही घरांना हवेचा चौक एकच. मी खिडकी उघडली.

बाराव्या दिवशी फुलं काचेच्या बरण्यांत भरली. आता ती मुरायची. रोज झाकण उघडून त्यांना वारा द्यायचा, नाहीतर आतल्या आत कुजतात.

"विस्तिन, घरात गटाराचा वास येतोय," चेन्सा म्हणाली.

"फुलं मुरतायत. मुरताना असाच वास येतो."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या नाकाने."

आठवड्याभरात करमेनाबाई दारात उभ्या. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या.

"अरे विस्तिन, तुमच्याकडे घाण वास येतो का? माझं गटार फुटलंय बहुतेक. उद्या साल्वू प्लंबर येतोय. मधली फरशी उखडावी लागेल म्हणतो."

ती फुलाफुलांची फरशी त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने, एकेक लादी साच्यात दाबून केली होती. साचा केव्हाच हरवला. करमेनाबाई अजून तिच्यावर चपला घालून चालत नाहीत.

"आमच्याकडे? छे, काही नाही," मी म्हणालो.

त्या गेल्या. चेन्सा दाराला टेकून उभी होती.

"जाऊन खरं सांग."

"त्या चर्चमध्ये फुलं लावतात गं. रविवारपर्यंत सगळ्या बाकांना कळेल. वर दंड."

"ती फरशी फुटली ना, तर जेवायला मला हाक मारू नकोस."

वास बाहेर जाऊ नये म्हणून मी झाकणं घट्ट आवळली आणि बरण्या घोंगडीत गुंडाळून कपाटात कोंबल्या. सकाळी उघडून बघतो तर काचेला आतून दव. आणि त्याच क्षणी चौकातून हातोडीचा ठक असा आवाज आला.

मी हातातल्या बरणीसकट धावलो. साल्वूने छिन्नी लादीच्या कडेला लावली होती. करमेनाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"थांब. तो वास माझा आहे."

"तुझा?" साल्वू म्हणाला.

"माझ्या गांजाचा."

करमेनाबाई वळल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडे."

झाकण काढून त्यांनी बराच वेळ वास घेतला.

"हा तर छान आहे. लिंबाच्या सालीसारखा. माझ्याकडे येतो तो संडासाचा."

साल्वूनेही नाक घातलं. "हा नव्हेच तो." छिन्नी पिशवीत टाकत म्हणाला, "चल, तुझं घर दाखव."

आमच्या न्हाणीघरात तो गुडघ्यावर बसला, दोन बादल्या पाणी ओतलं, भिंतीला कान लावला.

"पाइप तुझा फुटलाय. तीन आठवडे तरी झाले असतील. वास नाही आला तुला?"

चेन्साने माझ्याकडे पाहिलं. मी बरणीकडे पाहिलं. तीन आठवडे त्या फुलांत डोकं घालून बसल्यावर माझं नाक कामातून गेलं होतं.

दुपारपर्यंत न्हाणीघर आणि अर्धा व्हरांडा खणून झाला. दोन बरण्यांतली फुलं कुजली. करमेनाबाई आमच्यासाठी कॉफी घेऊन आल्या, ढिगाऱ्याशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि मायेने म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस रे. तुझी फरशी तशी अगदीच साधी होती."

ती मी स्वतः पसंत केली होती, आणि स्वतःच बसवली होती. पण ते त्यांना सांगितलं नाही. त्या दिवसापुरतं खरं बोलून झालं होतं.